तरवड नव्हे, तरवटा

कलकत्त्याहून निकाल आला, आमची हरकत मान्य झाली, आता झाकून ठेवण्यासारखे काही उरले नाही. म्हणून सोलापूरच्या त्या आठ दिवसांत काय घडले ते लिहितो. परत आल्यावर जो तो विचारतो, "सोलापुरात पाहण्यासारखे काय?" किल्ला आहे, तळे आहे, तळ्यात देऊळ आहे, गिरण्यांची धुराडी आहेत. ते सारे मी येताजाता पाहिले. पण मी गेलो होतो निळीच्या एका रांजणासाठी, आणि त्याविषयीच सांगणार आहे.

सोलापूरच्या एका शाळेत जोगळेकर नावाचे शास्त्राचे मास्तर आहेत. गेली चार वर्षे ते रंगाऱ्यांच्या गल्लीत जाऊन निळीच्या रांजणातले पाणी बाटलीत भरून आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या पाण्यात कोणते जंतू असतात, ते नीळ कशी विरघळवतात, यावर त्यांचा निबंध चालला आहे. माझी त्यांची ओळख पत्रातली. भाद्रपदात त्यांचे पत्र आले. एका विलायती रंगपेढीने पेटंट कचेरीत अर्ज टाकला होता: एका रानटी झाडाच्या बियांच्या काढ्याने, भट्टी न लावता, निळीचे रांजण आंबवून तयार करण्याची रीत ही म्हणे त्यांनी नव्याने शोधून काढली. तीच रीत सोलापूरच्या गल्लीत नरसय्या नावाचा वृद्ध रंगारी बापजाद्यांपासून वापरतो आहे. पेटंट मिळाले की नरसय्या स्वतःच्या दारात स्वतःच्या रांजणाशी चोर ठरणार. हरकत घेण्याची मुदत थोडी उरली होती.

मी पत्रके काढणारा माणूस. पत्र वाचले आणि जेवण तसेच टाकून लिहायला बसलो. मथळा दिला, 'निळीवर दरोडा'. दोनशे प्रती छापून घेतल्या आणि गाडीत बसलो. तोवर मी रांजण पाहिले नव्हते, रंगारी पाहिला नव्हता, कायदा वाचला नव्हता. पत्रकाला या तिन्हींची गरज नसते असे तेव्हा माझे मत होते.

सोलापूर स्टेशन

मार्शल लॉ उठून तीनचार वर्षे झाली होती, पण छापील कागदाचे गाठोडे दिसले की तिथल्या पोलिसाचा हात आपोआप पुढे येतो. हवालदाराने मला बाजूला घेतले, पत्रक काढले आणि बोट फिरवत वाचू लागला.

"नीळ म्हंजी काय?"

"नीळ म्हणजे नीळ."

"सरळ सांगा की. कोण ह्यो नीळ? कुठल्या कमिटीतला?"

"अहो, लुगड्याला लावतात ती नीळ!"

त्याने सगळे पत्रक वाचले, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "एवढं रागावून लुगड्यावर लिवतंय व्हय कुनी?" म्हणाला, एक प्रत खिशात घातली आणि मला सोडून दिले. माझ्या लेखनावरचा हा अभिप्राय मला टांग्यात बसेपर्यंत झोंबत राहिला.

जोगळेकर मास्तरांच्या घरी

मास्तर पन्नाशीचे, बारीक, बोलण्यात सावकाश. पुण्यात पाहुणा आला की आधी चहा येतो. इथे त्यांच्या पत्नीने ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढे ठेवले आणि "आधी पोटाचं बघा" म्हणाल्या. चटणी तोंडात टाकल्यावर काही वेळ मला बोलता आले नाही. मास्तरांना तेवढ्यात पत्रक वाचायला मिळाले.

पहिला परिच्छेद संपायच्या आत त्यांनी कागद खाली ठेवला.

"हे तरवड कुठून आणलेत?"

"तुमच्या पत्रातून."

"मी तरवटा लिहिले होते."

मी म्हणालो, एकच की ते. मास्तर उठले, परसात गेले आणि दोन फांद्या घेऊन आले. एक होती पिवळ्या फुलांच्या झुडपाची. हे तरवड, चांभार याची साल कातडे कमवायला वापरतात. दुसरे होते गुडघाभर उंचीचे, उग्र वासाचे, लांब बारीक शेंगांचे तण. "हा तरवटा. तुमच्या पुण्याकडे टाकळा म्हणतात, पावसाळ्यात भाजी करतात. एका कुळातले असतील, पण तरवडाचे बी घातले तर रांजण चार महिने बसून राहील. पेटंट कचेरीतला माणूस पहिल्या ओळीत हसेल."

टाकळ्याची भाजी मी जन्मभर खात आलो आहे. पत्रात 'तरवटा' वाचले, ओळखीचा शब्द तरवड, तोच लिहून मोकळा झालो. मास्तरांनी चूक झालेले पत्रक पुढे वाचलेच नाही. ज्या कागदात वनस्पतीचे नाव चुकले त्यात पुढे काय असणार, असा त्यांचा हिशेब. पुढे वाचले असते तर बरे झाले असते, कारण त्याहून मोठी चूक दुसऱ्या परिच्छेदात होती.

रंगाऱ्यांची गल्ली

गल्लीत शिरताच वास येतो, जुन्या ताकाचा आणि ओल्या चुन्याचा. दोन्ही बाजूंना तेलुगू साळ्यांची घरे, माग चालू, आणि प्रत्येक रंगाऱ्याच्या पडवीत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण. मास्तर वाटेत भेटणाऱ्याशी तेलुगूत दोन शब्द बोलत होते. मी चुकीसकट पत्रके दारोदार वाटत होतो.

नरसय्या सत्तरीचे असावेत. हात कोपरापर्यंत निळे, नखे काळी. "कूर्चोंडी, बसा की," म्हणाले आणि रांजणावरचे झाकण काढले. सुताची लड त्यांनी आत बुडवली, थोडा वेळ ठेवली आणि वर काढली. लड पिवळसर हिरवी होती. मी म्हणणार होतो की रंग चुकला. तेवढ्यात वारा लागून ती डोळ्यांदेखत निळी होत गेली. मी पत्रकात 'निळा' हा शब्द अकरा वेळा लिहिला होता. तो होतो कसा हे आता पाहिले.

त्यांच्या पत्नी बालम्मा चिंचेचा भात घेऊन आल्या. मी पत्रक मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्या परिच्छेदात असे होते: 'नरसय्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या प्राणापलीकडे जपलेले हे गुपित आज परक्यांच्या हाती जात आहे!' म्हाताऱ्याने ते वाक्य तीनदा वाचायला लावले.

"लई झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "गुपितच हाय. माज्या बापानं मला उजव्या कानात सांगितलं, मी पोराला सांगीन. समोरच्या पोशट्टीला इचारा, त्याला ठावं न्हाय."

मी प्रामाणिकपणे सांगितले, "पण वनस्पतीचे नाव माझ्याकडून चुकले आहे. तरवड पडले आहे."

नरसय्या खुदकन हसले. "ऱ्हाऊ द्या की! बरंच झालं. वाचनारा तरवड उकळत बसंल, आमचं गुपित आमच्यापाशी."

मास्तर जबानी लिहून घेत होते. त्यांची लेखणी थांबली होती. "घरी चला," ते मला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

घरी त्यांनी पेटंटच्या कायद्याचे पुस्तक उघडले. हरकत कशावर घेता येते? ती रीत ब्रिटिश हिंदुस्थानात आधीच जाहीरपणे वापरात असेल, किंवा जाहीरपणे माहीत असेल, तर. मास्तरांनी 'जाहीरपणे' या शब्दावर बोट ठेवले आणि उचललेच नाही.

"आणि तुम्ही दोनशे कागदांवर छापलेत की हे गुपित आहे. पेढीच्या वकिलाला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही."

"म्हणजे नरसय्याने ते जपले म्हणून ते त्याचे नाही?"

"कायद्याच्या दृष्टीने, नाही."

मी कायद्याला, कायदा करणाऱ्यांना आणि त्यांच्या आजोळाला जे बोललो ते इथे छापत नाही. मास्तरांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "झाले? आता सांगा, परसात एखादे रोप उगवते, पण सोलापुरात असला पाऊस कुठे की वर्षभर रांजणांना पुरेल इतका तरवटा उगवावा? हे बी येते कुठून? जो विकतो त्याला तरी ठाऊक असेल."

अक्कलकोट, गुरुवार

नरसय्या दोन दिवस सांगेनात. 'रानातून' म्हणत. शेवटी मास्तरांनी नमुन्याला मूठभर बी हवेच म्हटल्यावर दुकानाचा पत्ता दिला, तोही कानात, आणि "माजं नाव काडू नका" अशी शपथ घालून.

अक्कलकोट रोडला उतरून टांग्याने गावात गेलो. गुरुवार, मठात गर्दी. इकडचे लोक एका वाक्यात मराठीतून कानडीत शिरतात आणि परत येतात. माझ्या टांगेवाल्याने घोड्याला कानडीत शिवी दिली आणि माझी माफी मराठीत मागितली.

शिवलिंगप्पा किराणावाले भस्माचे पट्टे ओढून गादीवर बसले होते. "बर्री, कुंदर्री, बसा," म्हणाले. गव्हाची हुग्गी खायला लावल्याशिवाय कामाचे बोलू देईनात. खीर म्हणावी तर घट्ट, शिरा म्हणावा तर पातळ. दोन वाट्या खाल्ल्या. मग मी तरवट्याचे बी मागितले. त्यांनी हातातली काठी कोपऱ्यातल्या पोत्यांकडे केली. एक नव्हे, तीन पोती.

"एवढे? हे तर तण आहे. कोण घेते?"

शिवलिंगप्पांनी डोळे मिटले. "ते सांगायचं न्हाय. चाळीस वरसं झाली, कुनाचं नाव कुनाला सांगितलं न्हाय. समदी म्हनत्यात, अप्पा, कुनाला बोलू नका."

"समदी म्हणजे किती?"

"सोलापूरची समदी रंगारी गल्ली की वो! दर गुरुवारी बाया येत्यात दर्शनाला. एक गेली की दुसरी येती. दुसरी आली की पैली त्या खांबाआड उबी ऱ्हाती." ते इतके हसले की कपाळावरचे भस्माचे पट्टे हलू लागले. "तुमी तरी नवीन दिसताय. तुमचंबी गुपित हाय काय?"

मी उड्या मारत परतलो. ज्याची तीन पोती किराणा दुकानात उघडी पडली आहेत ते गुपित कसले? मास्तरांनी सगळे ऐकले, बी चिमटीत धरून भिंगाखाली पाहिले, बरोबर आहे म्हणाले, आणि मग विचारले, "अक्कलकोट कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे?"

"संस्थान आहे ते. कायदा म्हणतो, ब्रिटिश हिंदुस्थानात माहीत असले पाहिजे. तुमचा शिवलिंगप्पा हद्दीच्या पलीकडे बसतो. त्याची पोती कामाची नाहीत."

इथून तिथे तासाभराची गाडी आणि एक टांगा. पण खरे एका बाजूचे मानायचे, दुसऱ्या बाजूचे नाही! आता एकच वाट उरली. गल्लीनेच एकमेकांसमोर सांगायला हवे होते. हरकत दाखल करायला हातात सहा दिवस होते.

गल्ली, दुसऱ्यांदा

पत्रक लिहावे तसा मी नरसय्यांसमोर बोललो. म्हणालो, तुमचे गुपित हे गुपित नाहीच. पोशट्टीला ठाऊक आहे, पलीकडच्याला ठाऊक आहे, गल्लीभर तरवटाच उकळतो. आता चौघांसमोर तसे कबूल करा, म्हणजे पेढीची जिरेल.

म्हातारा उठून उभा राहिला. ओरडले असते तर बरे वाटले असते. "माजा बाप खोटं बोलला म्हनता," एवढेच म्हणाले, आणि रांजणावर झाकण ठेवले. मी पायऱ्या उतरलो. समोरच्या पडवीतून पोशट्टी पाहत होते. मी त्यांच्याकडे वळताच तेही आत गेले.

मास्तरांनी मला दोष दिला नाही. "तुम्ही त्याला पुरावा दिलात," एवढेच म्हणाले. "पण तुम्ही त्याच्याकडून काय काढून घेत होता ते तुम्हाला दिसले नाही."

नळावर

दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला गेलो. मास्तरही बरोबर आले. गल्लीच्या तोंडाशी सरकारी नळ आहे, तिथे बायकांची रांग. बालम्मांनी मला पाहिले आणि घागर खाली ठेवली.

"ए पुनेवाले! काल आमच्या म्हाताऱ्याला काय म्हनलात? रातभर जेवला न्हाय त्यो."

मी माफी मागू लागलो. त्यांनी हाताने थांबवले. "ते ऱ्हाऊ द्या. सरकारला काय पायजे ते सांगा. लोकास्नी ठावं हाय, एवढंच की?"

"एवढंच," मास्तर म्हणाले.

बालम्मा रांगेकडे वळल्या. "पोशट्टीची! गुरवारी अक्कलकोटास्नं पदरात काय बांदून आनतीस गं?"

पोशट्टीच्या बायकोने मान खाली घातली. "परसाद."

"पेरला तर उगवतो काय गं त्यो परसाद?"

"तुज्या परसादासारकाच, अक्का," ती म्हणाली.

सगळी रांग हसली. मागून एकजण म्हणाली, "खांबाआड मी दोन तास उबी व्हते एकदा, तुमी दोगी हालायलाच तयार न्हाय!" दुसरी म्हणाली, "मी तर टांग्यात तोंडावर पदर घेऊन निजायचं सोंग करते." तिसाव्या वर्षी लपवायला लागलेल्या गोष्टी साठाव्या वर्षी बाहेर येत होत्या, काही तेलुगूत, काही मराठीत, आणि मास्तर कागद गुडघ्यावर ठेवून नावे लिहीत होते.

"तुमी पुरूष लोक गुपित राकता," बालम्मा मोठ्याने म्हणाल्या, मला नव्हे, गल्लीला. "बी आनतो आमी."

दारे उघडली. पडवीपडवीत रंगारी येऊन उभे राहिले. नरसय्या पायरीवर होते. समोर पोशट्टी. चाळीस वर्षे समोरासमोर राहून ते दोघे कामाचे एक अक्षर बोलले नव्हते.  तोंडावर आलेले वाक्य मी, आयुष्यात पहिल्यांदा, गिळले.

नरसय्यांनी रस्ता ओलांडला. पोशट्टीच्या रांजणापाशी वाकले, झाकण उचलले, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावले.

"किती टाकतोस?"

पोशट्टींनी आधी बायकोकडे पाहिले. "एका रांजनाला मापटं."

"मापटं? निस्ता अर्दा शेर?" नरसय्या म्हणाले. "म्हनून तुजा रंग हिरवा पडतोय व्हय! शेर टाकावं. माजा बाप शेर टाकायचा."

"शेर टाकलं तर नासतंय!"

"कुटं नासलं? दाव!"

तिसरा रंगारी मध्ये पडला, त्याचे माप वेगळेच. चौथ्याने चुन्याचा मुद्दा काढला. तासभर भर रस्त्यात भांडण चालले, दोन भाषांत. पलीकडच्या गल्लीतले विणकर ऐकायला जमले. मास्तर नुसते लिहीत होते. चार वर्षे त्यांनी बाटल्या भरून नेल्या होत्या, पण या एका सकाळी कळले तितके तेव्हा कळले नव्हते. 'जाहीरपणे' या शब्दाला यापेक्षा चांगला पुरावा कुठल्या वकिलाने आणला असता?

सह्या आणि पत्रके

प्रतिज्ञापत्रे झाली. मास्तर वाचून दाखवत होते: 'ही रीत आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे व आम्ही ती उघडपणे वापरतो.' सात रंगाऱ्यांनी सह्या केल्या, दोन बायकांनी अंगठे दिले. नरसय्यांची पाळी शेवटी ठेवली होती.

"सर्वांना ठाऊक, लिवा," ते म्हणाले. "पर गुपित न्हवतं, असं नका लिवू."

"तसे लिहिण्याची गरज नाही," मास्तर म्हणाले.

त्यांनी तेलुगूत सही केली. सावकाश, मोठ्या अक्षरांत. टाक ठेवला आणि शाई वाळेपर्यंत कागदावरची नजर काढली नाही. मला दोन दिवसांपूर्वी दिसले नव्हते ते तेव्हा दिसले.

राहिली माझी पत्रके. पेढीच्या माणसाच्या हाती एक जरी लागले तरी सह्या फुकट. पत्रके वाटताना मी कधी लाजलो नव्हतो. परत मागताना लाजलो. घरोघर गेलो. कुणी त्यात हळद बांधली होती, कुणाच्या मागाखाली पाचर म्हणून घातले होते. हवालदारापाशी एक होते, तेही त्याने दिले, "आता राग गेला व्हय?" म्हणाला. संध्याकाळी मोजली. एकशे नव्याण्णव.

दोनशेवे कुठे आहे हे विचारावे लागले नाही. नरसय्यांच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा बालम्मांनी देवाच्या तसबिरीकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले. नरसय्या सूत पिळत होते. वर न पाहता म्हणाले, "माज्यापाशी न्हाय."

प्रतिज्ञापत्रावर त्यांनी आमच्या सांगण्यावरून सही केली होती. बाकीची जाळल्यावर साऱ्या जगात एकाच कागदावर लिहिलेले राहणार होते की हे गुपित त्यांच्या घराण्याचे. तो कागद मी मागायचा होता, आणि मुदतीला तीन दिवस होते.

मास्तरांना मी सांगितले, सगळी परत आली. ते खोटे होते, ही कबुली मी त्यांना आज या लेखातूनच देतो आहे.

पुण्याला परत

परतताना केम स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली. रुळांच्या कडेने तरवटा माजला होता, शेंगा तडकून बी मातीत पडत होते. मी एक शेंग तोडून खिशात ठेवली.

त्यानंतर काही महिने पोस्टमन आला की मी आधी पाकिटावरचा शिक्का पाहत असे. मग निकाल आला: हरकत मान्य, पेटंट नाकारले. त्याच दिवशी नरसय्यांना कार्ड टाकले की आता काही भय नाही, ते पत्रक खुशाल बाहेर काढा.

गेल्या महिन्यात मास्तरांच्या निबंधाच्या कामाने पुन्हा सोलापूरला गेलो. नरसय्यांच्या पडवीत, रांजणांच्या वर, पत्रक काचेत लावले आहे. काच पोशट्टीने बसवून दिली. मी जवळ जाऊन वाचले. 'प्राणापलीकडे जपलेले हे गुपित' जसेच्या तसे आहे. फक्त पहिल्या परिच्छेदातला 'तरवड' निळीच्या बोटाने खोडला आहे, आणि वर, थरथरत्या मराठी अक्षरांत, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल इतके मोठे, लिहिले आहे: तरवटा.